पट्टा कुणाच्या हातात होता?

आमच्या घरात एक निवृत्त वकील आहेत आणि एक जनावरांची डॉक्टर. वकील म्हणजे माझे वडील, आप्पा. त्यांनी ३८ वर्षं पुण्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवले. हद्दी, वहिवाटी, वाटण्या. डॉक्टर म्हणजे माझी बायको मुक्ता. तिचा दवाखाना सोसायटीच्या फाटकापासून चार मिनिटांवर आहे. दोघांच्या धंद्यांची गाठ सहसा पडत नाही. गेल्या बुधवारी पडली.

सकाळी पावणेसातला आमच्याच गल्लीत बर्व्यांच्या शेरूनं कानडेकाकूंच्या छकुलीला पाठीत धरून दोनदा झटकलं. शेरू जर्मन शेफर्ड, ३६ किलो. छकुली पॉमेरेनियन, साडेचार किलो, वय ९. सव्वासातला छकुली मुक्ताच्या टेबलावर होती आणि आठ वाजता बर्वे आमच्या दिवाणखान्यात, आप्पांच्या समोर. एकाच छपराखाली दोन्ही बाजू. तीन दिवस कुणी विषय काढला नाही. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मुक्तानं काढला.

"आप्पा, बर्व्यांना तुम्ही काय सांगितलंत ते मी विचारत नाही."

"विचारलंस तरी सांगणार नाही. पक्षकाराची गोष्ट आहे."

"फी घेतलीत?"

"चहा दिला. उलट माझाच खर्च."

"मग पक्षकार कसले! बरं, राहू दे. बिल आजपर्यंत ४२,६०० झालंय. ते बर्व्यांनी द्यावं. यात वकिलाचं काही काम आहे असं मला वाटत नाही."

"का द्यावं?"

"का म्हणजे? त्यांचा कुत्रा चावला."

"कुत्रा चावला, कबूल. पण कुत्र्याला काही पिंजऱ्यात उभं करता येत नाही. बर्व्यांनी काय केलं, ते सांग."

आप्पांची ही सवय जुनी आहे. लहानपणी माझ्या हातून काच फुटली तेव्हाही त्यांनी आधी विचारलं होतं, की चेंडू कुणी टाकला.

मुक्ता चिडली नाही. तिनं फोनवरचा एक्स-रे त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. बाहेरून बघाल तर पाठीवर चार भोकं, एकेक हरभऱ्याएवढं. काकूंना वाटलं, मलम लावून घरी नेऊ. पण कुत्र्याची कातडी सैल असते. दात रुतला की कातडी दाताबरोबर सरकते, खालचं मांस मात्र जागच्या जागी फाटतं. त्यात मोठ्या कुत्र्यानं धरून झटकलेलं. केस काढून उघडलं तर आत तळहाताएवढा खिसा झालेला, दोन बरगड्या मोडलेल्या, कातडीखाली हवा. भूल देऊन सगळं धुतलं, मेलेलं मांस काढलं, नळी घातली. आणि आज चौथ्या दिवशी कडेचं आणखी काळं पडलंय. म्हणजे परत टेबलावर."

"म्हणजे नुकसानीचा आकडा पहिल्या दिवशी सांगताच येत नाही."

"आठवडाभर तरी नाही."

"हे लिहून ठेव. पहिल्या दिवशी हजार रुपये हातावर टेकवून 'मिटलं' म्हणणारे फार असतात."

मला वाटलं आप्पा नरमले. मुक्तालाही वाटलं असावं, कारण ती लगेच पुढे सरकली. "काकू चौकीवर गेल्या होत्या, माहितीय? तिथे पहिला प्रश्न काय, तर 'मावशी, तुम्हाला चावला का?' त्या म्हणाल्या, नाही, माझ्या कुत्रीला. झालं. अदखलपात्र म्हणून एन.सी. लिहून घेतली आणि पाठवून दिलं. साडेचार किलोचा जीव अर्धा फाडला गेला आणि पोलिसांच्या लेखी काही घडलंच नाही!"

"त्या हवालदाराला दोष देऊ नकोस. त्यानं कायदा बरोबर वाचला होता. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. जुन्या दंडविधानातलं २८९. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड. आधी दंड १,००० होता. पण कशाचा धोका? माणसाच्या जिवाचा, किंवा जबर दुखापतीचा. हे कलम माणसाकडे बघून लिहिलंय. मुंबईत २०१० साली एक रॉटवायलर एका वयस्क नातेवाइकाला चावला होता. मालकाला २०२३ साली तीन महिन्यांची शिक्षा झाली. चावा माणसाला होता म्हणून. तोच रॉटवायलर त्यांच्या कुत्र्याला चावला असता, तर तेरा वर्षं कोण कोर्टात गेलं असतं?"

"आणि जनावराला मारलं, जायबंदी केलं तर काहीच नाही?"

"आहे ना. ३२५. पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी त्यात किंमत बघायचे, दहा रुपयांचं जनावर, पन्नास रुपयांचं जनावर. आता किमतीची अट काढली. पण ते आगळिकीचं कलम आहे. हेतू लागतो, नाही तर जाणीव तरी. बर्व्यांनी 'छू' म्हणून सोडला असता तर लागलं असतं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हेच सांगितलं. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका पोराच्या मोटारसायकलखाली मरीन ड्राइव्हवर एक भटका कुत्रा मेला, पोलिसांनी त्याच्यावर माणसाला लागू होणारी कलमं लावली. न्यायालयानं गुन्हा रद्द केला. वर सरकारला २०,००० रुपये खर्च भरायला लावला, तोही अधिकाऱ्यांच्या पगारातून वसूल करा म्हणाले. पाळणाऱ्याला कुत्रा पोटच्या पोरासारखा वाटत असेल, पण कुत्रा म्हणजे माणूस नव्हे, हा त्याचा मथितार्थ."

"तो निकाल मला पटतो," मुक्ता म्हणाली. आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "खरंच पटतो. पोराची काय चूक? पण मग प्राणी-क्रूरता कायदा कशाला आहे?"

"१९६० चा? त्यात करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हल्ली एवढ्यात पट्टीचा कापूसही येत नसेल."

इथे मला राहवलं नाही. मी विचारलं, मग काकूंनी करायचं काय? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, मी अजून चहा का ठेवला नाही. मी उठलो.

स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. आप्पा आता त्यांच्या शेतात शिरले होते, दिवाणीच्या. "फौजदारीचा नाद सोड. नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. निष्काळजीपणा सिद्ध करायचा. छकुली ही काकूंची जंगम मालमत्ता..."

"आप्पा."

"कायद्यानं, बाई, कायद्यानं. आणि गंमत ऐक. मुदतीच्या कायद्यात जंगम वस्तूला इजा झाली तर दावा लावायला तीन वर्षं. जुन्या मुदतीच्या कायद्यात माणसाच्या अंगाला इजा झाली तर एकच वर्ष होतं. म्हणजे तेव्हा शेरू काकूंना चावला असता तर त्यांना घाई करावी लागली असती. छकुलीसाठी निवांत वेळ आहे."

"आणि मालमत्तेची किंमत किती धरणार? नऊ वर्षांच्या पॉमेरेनियनला बाजारात कुणी पाचशे रुपये देणार नाही. परवा माझ्याकडे रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री आली होती, तीन पायांची. तिची किंमत शून्य. मग तिच्यावर तीस हजार खर्च करणारा माणूस वेडा?"

"कोर्ट असं विचारू शकतं, की पाचशेच्या वस्तूच्या दुरुस्तीला ४२,००० कशाला?"

"वस्तू नव्हे!"

"थांब. असं विचारू शकतं म्हणालो, विचारावंच असं नाही. कॅलिफोर्नियात २०११ साली एका मांजराचा खटला झाला. कुणी तरी छऱ्याच्या बंदुकीनं त्याला जखमी केलं होतं. मांजर दत्तक घेतलेलं, बाजारभाव काही नाही, उपचाराचा खर्च ३६,००० डॉलर. वरच्या न्यायालयानं म्हटलं, बाजारभाव नसला तरी वाजवी उपचाराचा खर्च मागता येतो. मी काकूंचा वकील असतो तर तो निकाल पुढे ठेवला असता. बंधनकारक नाही, पण शहाणपणाचा आहे."

चहा घेऊन आलो तेव्हा मुक्ता हसत होती. आप्पा विरुद्ध बाजूचा मुद्दा जास्त चांगला मांडतात, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"पण आप्पा, मला हे निष्काळजीपणा सिद्ध करणंच पटत नाही. सरळ नियम हवा. ज्याचं जनावर, त्याचा खर्च. नोएडात २०२२ साली प्राधिकरणानं तेच केलं. पाळीव कुत्र्यामांजरामुळे काही घडलं तर १०,००० दंड, आणि जखमी माणूस असो की जनावर, उपचार मालकाच्या पैशानं. जनावर हा शब्द त्यात होता. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या."

"तुझ्या नियमात मोठा कुत्रा नेहमी हरणार."

मुक्ता गप्प झाली. वर्मावर बोट होतं ते. भांडण सुरू करणारा कुत्रा आणि जखम करणारा कुत्रा वेगळे असू शकतात, हे ती स्वतःच दवाखान्यात येणाऱ्यांना सांगत असते. लहान कुत्री अंगावर धावून जातात, मालक कौतुकानं हसतात. मोठ्यानं एकदाच तोंड उघडलं की पंचनामा मोठ्याचा.

"छकुलीचा पट्टा कसला होता?" आप्पांनी विचारलं. आवाज अगदी मऊ. हा त्यांचा उलटतपासणीचा आवाज.

"...लांबणारा."

"किती लांबणारा?"

"पाच मीटर."

"खटका लावलेला होता?"

"नव्हता. काकू फोनवर बोलत होत्या. उभ्या गाडीच्या मागून छकुली एकदम शेरूच्या तोंडासमोर आली. भुंकत." तिनं कप खाली ठेवला. "आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते. काकूंच्या बोटाला जो चावा आहे ना, तो शेरूचा नाही. छकुलीचाच आहे. वेदनेत असलेलं कुत्रं हात मधे आला की आपल्या माणसालाही चावतं. त्या चौकीवर खोटं बोलल्या असत्या तर तुमचं २९१ लागलं असतं. नाही बोलल्या."

"हं." आप्पांना हे आवडलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. खरं बोलून तोटा करून घेणारा साक्षीदार त्यांना आयुष्यात दोन-तीनदाच भेटला, असं ते सांगतात.

मग त्यांनी मेंढ्यांची गोष्ट सांगितली. १८५५ साली स्कॉटलंडमधला एक खटला लंडनला, हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कुत्र्यानं मेंढ्या मारल्या होत्या. निकाल लागला, की कुत्रा असा खोडकर आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं असं दाखवल्याशिवाय तो जबाबदार नाही. प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ, अशी जी म्हण इंग्रज वकिलांत पडली, तिचा उगम असा जनावरानं जनावराला केलेल्या इजेत आहे. मेंढ्या पाळणारे खवळले. दहा वर्षांच्या आत पार्लमेंटानं कायदे करून मेंढ्या आणि गुरं यांच्यापुरती ती माफी काढून टाकली.

"आणि कुत्र्यांपुरती?"

"कुत्र्यांपुरती नाही. १९७१ च्या त्यांच्या नव्या कायद्यातही कुत्र्यानं गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी मारली तर मालक सरळ जबाबदार. कुत्र्यानं कुत्रा मारला तर तो त्या यादीत नाही. दूध, लोकर, अंडं देणाऱ्याला कायदा ओळखतो. मांजरांचं तर विचारूच नकोस. १९२६ चा खटला आहे, शेजाऱ्याच्या मांजरानं १३ कबुतरं आणि दोन बँटम कोंबड्या मारल्या. कोर्ट म्हणालं, मांजरानं पक्षी मारावा हा मांजराचा धर्मच आहे, मालक काय करणार?"

"हे सगळं आपल्याला का लागू? आपण स्कॉटलंडचे मेंढपाळ आहोत?"

"आपल्याकडे नुकसानभरपाईचा हा भाग कुठल्या एका कायद्यात लिहिलेला नाही. इंग्रजांचे निकाल आपण उचलले, ते पटतील तेवढे वापरतो. म्हणून प्रश्न उरतो, बर्व्यांना माहीत होतं का? शेरूनं आधी कुणाला धरलं होतं का?"

मुक्ता खिडकीबाहेर बघू लागली.

"शेरूला मुसकं आहे का, मुक्ता?"

"ते मी सांगू शकत नाही. शेरू पण माझा पेशंट आहे."

"म्हणजे आहे."

"मी तसं म्हटलं नाही, आप्पा."

"कधी घेतलं? जूनमध्ये?"

"चहा गार होतोय."

आप्पांनी चहा प्यायला. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा जबाब हाच होता. तो कुठल्याही कागदावर आला नाही. ज्याच्याकडे मुसकं आहे, त्याला आपला कुत्रा माहीत आहे. शेतकरी मळणीला बैलांना मुसकं बांधतो तेव्हा बैल वाईट आहे असं म्हणत नाही, बैल काय करेल हे मला ठाऊक आहे एवढंच म्हणतो. आणि बुधवारी शेरूच्या तोंडाला मुसकं नव्हतं.

"पण बर्वे मला म्हणाले, मी नव्हतोच तिथे. पट्टा ओंकारच्या हातात होता. मग माझा काय संबंध?"

इथे मुक्ता खरी पेटली.

ओंकार १९ वर्षांचा. सकाळी आमच्या सोसायटीतले तीन कुत्रे फिरवतो, मग आय.टी.आय.ला जातो. कुत्र्यामागे महिना २,००० रुपये. बुधवारी तिन्ही पट्टे त्याच्या दोन हातांत होते. शेरूनं झेप घेतली तेव्हा पट्टा निसटला, तळवा सोलून गेला. त्याही स्थितीत त्यानं शेरूची मागची तंगडी धरून ओढली आणि छकुली सुटली. डॉक्टर सांगतात तशीच पद्धत, तोंडाजवळ हात न घालता. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांनी त्याला कामावरून काढलं. बर्व्यांनी त्याच्या चालू महिन्याचे पैसेही अडवले.

"तीन घरांनी मिळून एक पोरगा ठेवला, कारण स्वस्त पडतं," मुक्ता म्हणाली. "७० किलोंचे तीन कुत्रे, ५२ किलोचा पोरगा. हे कुणी ठरवलं? ओंकारनं? आणि आता ज्यानं कुत्रा सोडवला, तोच गुन्हेगार! तुमचा कायदा शेवटी खालच्या हातावर येऊन थांबतो, आप्पा. पट्टा ज्याच्या हातात, तो मेला."

"माझा कायदा तसं म्हणत नाही. नोकरानं कामात असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार. बर्वे म्हणतील, तो नोकर नाही, कंत्राटदार आहे, तीन घरी काम करतो. यावर पुढचे सहा महिने घालवता येतील. पण त्याआधीचं बघ." आप्पा उठले, कपाट उघडलं. मला कळलं, आता अर्धा तास गेला.

"आम्हाला मिताक्षरा शिकवली ती वाटण्यांसाठी. जन्मानं हक्क, सहदायाद, वगैरे. पण तिच्यात एक प्रकरण स्वामी आणि पाल यांच्या भांडणाचं आहे. पाल म्हणजे गुराखी. तुझा ओंकार. मनूतही आहे. दिवसा गुरं गुराख्याच्या जबाबदारीवर, रात्री मालकाच्या गोठ्यात असतील तर मालकाच्या. लांडगा आला आणि गुराखी धावून गेलाच नाही, तर भरपाई गुराख्यानं द्यायची. पण कळप नीट आवरून चारत असताना लांडग्यानं एकदम उडी घातली, तर गुराख्याचा दोष नाही."

"ओंकार धावून गेला."

"म्हणूनच वाचून दाखवतोय. आता याज्ञवल्क्य. दाढावाली आणि शिंगवाली जनावरं. ती मारत असताना मालक समर्थ असूनही सोडवत नाही, तर त्याला पहिल्या पायरीचा दंड. आणि लोकांनी ओरड केली असताना सोडवलं नाही, तर दुप्पट. बघ, आधी माहीत होतं का हे तो विचारत नाही. त्या क्षणी तू काय केलंस, एवढंच. कौटिल्य त्याच्याही पुढे गेलाय. आपल्या कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची पोथी संपादली, तिच्यात बघ. जनावरांकडून एकमेकांना मारवलं, तर ते जनावर भरून द्यायचं आणि तेवढाच दंड वेगळा. क्रियापद प्रयोजक आहे. 'मारवणं' म्हणजे मुद्दाम झुंजवणंच, की मरू देणंही, यावर वाद घालता येईल."

"तुम्ही घालाल."

"मी ३८ वर्षं त्याचेच पैसे घेतले."

मुक्ता काही तरी आठवून थांबली होती. "आप्पा, बर्वे म्हणाले ते नव्हते तिथे?"

"घरीच नव्हते म्हणाले. फिरायला गेले होते."

"काकू म्हणतात ते गॅलरीत उभे होते. पहिल्या मजल्यावर. हातात कप. काकू ओरडत होत्या, ओंकार ओरडत होता, 'सर खाली या, सर खाली या'. वॉचमननं पण हाक मारली. सगळं संपल्यावर सात-आठ मिनिटांनी ते शर्ट घालून खाली आले."

आप्पांनी पुस्तक मिटलं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. अशिलानं आपल्याशीच खोटं बोलावं हा अपमान त्यांना निवृत्तीनंतरही जिव्हारी लागतो, हे मी पाहत होतो. चहाचे कप उचलण्याच्या निमित्तानं मी तिथून निघालो. परत आलो तेव्हा ते विचारत होते, "वॉचमन सांगेल हे?"

"सांगेल. पण कोर्टात नाही. त्याला नोकरी करायचीय."

"कोर्टात कुणाला जायचंय? ४२,००० साठी दावा लावला तर छकुलीच्या हयातीत निकाल लागायचा नाही. मी काही छकुलीचं आयुष्य कमी म्हणत नाही."

मग त्यांनी मुक्ताला एक जुनी वाटणी सांगितली. बगदादजवळच्या एका टेकाडात १९४० च्या दशकात मातीच्या पाट्या सापडल्या, एश्नुन्ना नावाच्या राज्याचे कायदे, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. एका बैलानं दुसऱ्याला भोसकून मारलं, तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याच्या मांसाची किंमत दोन्ही मालकांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. ज्यूंच्या धर्मग्रंथातही तीच वाटणी आहे. फक्त बैल मारका असल्याचं आधीपासून ठाऊक असेल, तर निम्मं नाही, पूर्ण.

"निम्मं मला चालणार नाही," मुक्ता म्हणाली.

"मारका बैल, मुक्ता. ठाऊक असलेला. ऐकलंस ना शेवटचं?"

"पण पाच मीटरचा पट्टा?"

"तो तूच काढतेस?"

"काढायला नको? काकू फोनवर नसत्या तर हे झालं नसतं. काकूंना हे मी तोंडावर सांगितलंय. बुधवारीच. टाके घालता घालता."

आता आप्पा हसले. त्या दोघांचं कधी तरी असं होतं, वाद चालू असताना बाजू अदलाबदल होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मुक्ता काकूंच्या चुकीचे पंचवीस टक्के धरत होती, आप्पा दहाच्या वर जायला तयार नव्हते. फोनवर बोलणं हा अविचार आहे, म्हणाले. ओरड ऐकून कप हातात धरून उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एका तराजूत घालायची नाहीत. मला त्यांचं पटलं, पण मला कुणी विचारलं नाही.

सोसायटीचं काय, असं मी मधेच म्हणून बघितलं. सेक्रेटरी कुत्र्यांवर बंदी घालायच्या गोष्टी करत होते. मुक्तानं एका वाक्यात निकाल लावला. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ सालीच सांगितलंय, बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. जातींवरच्या बंदीचंही तेच. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींबद्दल पत्रक काढलं, महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. आणि त्या २३ मध्ये जर्मन शेफर्ड नव्हताच.

"एक कायदा मात्र रस्त्याला समजतो," आप्पा म्हणाले. "आमचा जुना १९५१ चा पोलीस अधिनियम. उग्र कुत्रा मुसकं न घालता रस्त्यावर मोकळा राहू देऊ नये, आणि कुत्र्याला माणसावर, घोड्यावर किंवा इतर जनावरावर सोडू नये. इतर जनावर! तेव्हा टांगे होते ना. कुत्र्यानं घोडा बुजवला तर टांगा उलटायचा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर छकुली नव्हती, पण बसते त्यात."

"मग बर्व्यांना ते सांगा."

"उद्या सांगणार आहे. आणि हेही सांगणार, की मी आता त्यांचा वकील नाही. चहा पुन्हा घ्यायला या म्हणावं, पण खरं सांगायला."

रविवारी सकाळी बर्वे आले होते. दार लावून बोलणं झालं, म्हणून काय झालं ते मला सांगता येत नाही. बाहेर पडताना त्यांचा चेहरा लाल होता. दुपारी ओंकारचे अडवलेले पैसे वॉचमनकडे आले, आणि संध्याकाळी आप्पांनी मला कोऱ्या कागदांचा गठ्ठा मागितला. समजुतीचा कागद करायचा होता. बर्वे ३७,००० देणार, बाकी काकूंचे. पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च याच प्रमाणात. शेरू बाहेर निघेल तेव्हा तोंडाला मुसकं, छकुलीचा पट्टा दीड मीटरचा. ओंकारला परत ठेवलं तर एका वेळी एकच कुत्रा. हे शेवटचं कलम मुक्तानं घालायला लावलं. बर्वे ते मान्य करतील असं आप्पांना वाटत नाही.

आप्पा अजून हातानंच लिहितात. पहिल्या परिच्छेदापाशी अडले.

"इथे वर्णन लागतं. मी लिहिलंय, 'लिहून घेणार यांच्या मालकीची पॉमेरेनियन जातीची कुत्री, मादी, वय अंदाजे ९ वर्षे'."

"नाव लिहा ना."

"नाव कायद्याला लागत नाही. ओळख पटायला हवी. गाडीचा नंबर असतो, तसं काही आहे का? चिप वगैरे?"

"चिप नाही. केसपेपर नंबर आहे." मुक्तानं बॅगेतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. आप्पांनी चष्मा सरकवला, वाचलं, मग परत वाचलं.

"छकुली कानडे?"

"आमच्याकडे असंच लिहितात. सगळ्यांचं."

"म्हणजे तो शेरू बर्वे?"

"हो."

आप्पांनी पेन खाली ठेवलं. "मग या कागदावर सह्या कुणाच्या घ्यायच्या, ते आधी ठरवा."